वाहनतळाला अकरा प्रदक्षिणा

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला आधी धबधब्याविषयी विचारतात. साताऱ्यात मला निदान वीस जणांनी विचारले असेल, आणि प्रत्येकाची मी निराशा केली आहे. मी नायगारा पाहिला नाही. २००६ साली, तिकडच्या उन्हाळ्याअखेरीस, मी जॉर्जिया राज्यात दोन महिने होते. त्या काळात जे स्थळ मी सर्वांत बारकाईने पाहिले, ज्याचा कोपरान् कोपरा मला आजही डोळे मिटून सांगता येईल, ते म्हणजे अर्ध्या ओस पडलेल्या एका बाजारसंकुलापुढचे वाहनतळ.

गावाचे नाव सांगत नाही. अटलांटाच्या उत्तरेला, अल्फारेटाला लागून आहे, इतके पुरे. त्या गावाला माझ्यापायी झाला तेवढा त्रास पुष्कळ आहे.

खिडकीतले दुकान

ऋता माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, व्यवसायाने शहररचनाकार. तिचा नवरा संगणकवाला. तो सोमवारी विमानाने देशाच्या दुसऱ्या टोकाला, रेडमंडला जातो आणि गुरुवारी पावसाच्या तक्रारी घेऊन परततो. त्यामुळे घरात बहुतेक आम्ही दोघीच.

पहिल्या सकाळी मला जाग आली ती पाइनच्या वासाने: राळेचा, किंचित कडवट, नव्या पेटीचे झाकण उघडल्यासारखा. खिडकीबाहेर महाबळेश्वरच्या घाटात असते तशी तांबडी माती, आणि तिच्यावर गुलाबी घोसांनी वाकलेली बुटकी झाडे. पाकळ्यांची ती चुरगळलेली मलमल मी तत्काळ ओळखली. आपल्या तामणाची ही धाकटी बहीण. इकडे तिला क्रेप मर्टल म्हणतात. त्या फुलांच्या पलीकडे सहा पदरी रस्ता होता, आणि रस्त्यापलीकडच्या बैठ्या संकुलात एक भारतीय किराणा दुकान. दारात ठेवलेल्या कोथिंबिरीच्या जुड्यासुद्धा मला दिसत होत्या.

"ऋता, पोह्यांवर घालायला कोथिंबीर नाही. समोरून आणते."

"समोरून कुठून?"

"हे काय समोर."

"मावशी, तिथे ड्राइव्ह करून जावं लागतं. बारा मिनिटं."

"अगं, दिसतंय तर."

"दिसतं. जाता येत नाही."

दिसतो पण पोहोचता येत नाही, असे परमेश्वराविषयी ऐकले होते. किराणा दुकानाविषयी प्रथमच ऐकत होते. ती कचेरीत गेल्यावर मी पिशवी घेऊन निघाले. वसाहतीच्या फाटकापासून सुरू झालेली सुबक पायवाट चाळीस पावलांवर, एका खांबाशी, ओळ विसरलेल्या विद्यार्थ्यासारखी थांबली. पुढे नुसते ओले गवत, आणि गवताला लागून वाऱ्यासारख्या गाड्या. प्रत्येक गाडीबरोबर माझा पदर एका दिशेला आणि मी दुसऱ्या दिशेला जात होते.

मग एक गाडी थांबली. तिच्यावर निळे दिवे होते. गुलाबी चेहऱ्याचा, दारात मावेल न मावेल असा धिप्पाड पोलीस उतरला. अतिशय अदबीने त्याने विचारले, "मॅडम, तुमची गाडी कुठे बंद पडली?"

"माझी गाडी नाही."

"चोरीला गेली?"

"नव्हतीच."

तो विचारात पडला. "मग तुम्ही इथवर आलात कशा?"

मी पायांकडे बोट दाखवले. त्याने त्यांच्याकडे, डॉक्टर जुन्या दुखण्याकडे पाहतात तसे, पाहिले आणि मला मागच्या आसनावर बसवून घरी सोडले. पोलिसांच्या गाडीचे मागचे दार आतून उघडत नाही, हे ज्ञान मला तेव्हा झाले. शेजारचे गृहस्थ हिरवळीला पाणी घालत होते. मला उतरताना पाहून त्यांनी बराच वेळ स्वतःच्या बुटांनाच पाणी घातले.

संध्याकाळी मी हे सांगितल्यावर ऋता रागावेल असे वाटले होते. तिने वही उघडली. "पायवाट नक्की कुठे संपली? खांबाच्या अलीकडे की पलीकडे?" माझी फजिती तिने तारीखवार टिपून घेतली, आकृतीसह.

आमटीची वाटी

ऋता पुण्याला वास्तुकला शिकली, मग अटलांटाला नगररचना. पहिली तीन वर्षे एका कचेरीत तिने फक्त वाहनतळांच्या पांढऱ्या रेषा आखल्या. "जगातल्या सगळ्यात मोठ्या कोऱ्या वहीला मी समास आखत होते," असे ती म्हणते. मग वॉल्टर नावाच्या साठीच्या रचनाकाराने तिला आपल्याकडे घेतले. वॉल्टर अटलांटाच्या एका जुन्या कृष्णवर्णीय वस्तीत वाढलेला: खाली न्हाव्याचे दुकान, वर घर, कोपऱ्यावर बसचा थांबा. मोठा रस्ता आला आणि ती वस्ती पुसली गेली. तेव्हापासून तो ती कागदावर पुन्हा पुन्हा काढतो आहे, दर खेपेला दुसऱ्या गावासाठी.

खिडकीतून मला दिसणारे ते संकुल म्हणजे ऋताच्या स्वतःच्या नावावरचा पहिला आराखडा. मधोमध बसथांबा, तिथून शहरी रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनापर्यंत बस. थांब्याभोवती तीन मजली इमारती, खाली दुकाने, वर घरे. आणि आसपासच्या वसाहतींतून तिथवर पायवाटा. गावाच्या समितीपुढच्या सुनावणीत आराखडा मंजूर झाला तर निवृत्त होणारा वॉल्टर कचेरी तिच्या हाती सोपवणार होता. नामंजूर झाला तर कचेरी बंद आणि ऋता पुन्हा पांढऱ्या रेषांकडे.

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून ती काम करी. माणूस कुरकूर न करता पाच मिनिटे चालतो, त्यापुढे गाडी काढतो, हा तिच्या शास्त्राचा पाया. त्या पाच मिनिटांचे वर्तुळ काढायला तिच्याकडे महागडी उपकरणे होती. ती वापरी आमटीची वाटी. नाशिकहून आईने दिलेली ती स्टीलची वाटी तिच्या नकाशावर बरोबर पाच मिनिटांची भरते. वाटी थांब्यावर पालथी घातली, पेन्सिल फिरवली, की आत येतील ते चालतील आणि बाहेर राहतील ते गाडीने येतील. कधी त्या वर्तुळाच्या काठावर हळदीचा पुसट डाग राही.

या आराखड्याचा सर्वांत जोरदार विरोधक कोणी अमेरिकन नव्हता. ते होते डॉक्टर देवस्थळी, निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ, पस्तीस वर्षे तिथे राहिलेले, सर्वांचे डॉक्टरकाका. एका रविवारी ते पत्नी सुमनताईंसह जेवायला आले आणि श्रीखंडाच्या दुसऱ्या वाटीनंतर मुद्द्यावर आले.

"ऋता, मी त्या हिअरिंगला येऊन विरोधात बोलणार. आधी सांगून ठेवतो. जेवल्या घरी खोटं नको."

"का पण, काका?"

"गिरगावात आम्ही दुकानावर राहायचो. खाली दिवसभर भजी तळायचे, वर मी अ‍ॅनाटॉमी पाठ करायचो. आजही मणक्याचं नाव काढलं की मला तेलाचा वास येतो. त्या वासापासून पळत पळत मी इथवर आलो, आणि तू तो माझ्या दारात आणून ठेवतेस?"

"इथे भजी नाही तळणार कोणी."

"अगं, कॉफी भाजतील. तेच ते. आणि चालणार कोण? इथे चालतं कोण? प्रोफेसरबाई, तुम्ही चाललात तर तुम्हाला पोलिसांनी आणून सोडलं."

मी त्यांच्या वाटीत तिसऱ्यांदा श्रीखंड वाढले.

परत जाताना त्यांची गाडी वळणावरच्या, गाड्यांना थांबायला सांगणाऱ्या लाल पाटीच्या बरीच पुढे जाऊन थांबली. उघड्या काचेतून सुमनताईंचा शांत आवाज आला, "पाटी मागे राहिली, अहो." ऋता आणि मी एकमेकींकडे पाहिले आणि भांडी घासायला लागलो.

अकरा फेऱ्या

"मावशी, बुधवारी काउंट आहे," ऋता म्हणाली. "त्या प्लाझात किती लोक चालतात ते मोजायचं. सगळे म्हणतात इथे कोणी चालतच नाही. दहा माणसं दिसली तरी पुरे गं."

आता, ज्या बाईने तीस वर्षे महाविद्यालयात कविता शिकवली, तिच्यापाशी असे वाक्य बोलू नये. कवितेच्या कार्यक्रमाला माणसे कशी जमवतात ही माझी खरी विद्या. पाहुणे कवी व्यासपीठावर चढण्याआधी प्रयोगशाळेतून, ग्रंथालयातून, एकदा तर दाखल्यांच्या रांगेतून माणसे उचलून आणून मी सभागृह भरलेले आहे. त्यात मला कधी काही गैर वाटले नाही. रिकाम्या खुर्च्यांपुढे कवीला उभे करणे हेच खरे पाप.

त्याच संकुलाच्या वाहनतळावर सकाळी चालणाऱ्यांचा आमचा एक मेळा होता: मुलांकडे सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले आईबाप. आम्हाला चालायची सवय आणि त्या गावाला पायवाटांची नावड, म्हणून मुले ऑफिसला जाताना आम्हाला तिथे गाडीने सोडीत आणि येताजाता कोणीतरी गाडीने उचलून नेई. नागपूरच्या लीलाताई आमच्या पुढारी. मी त्यांना फोन करून सांगितले, बुधवारी झाडून सगळ्यांना आणा.

"आणतो ना बाई. किती पाहिजे?"

"येतील तेवढे."

मला धरून चौदा जण जमले. सुमनताईंनाही डॉक्टर गाडीने आणून सोडून गेले. संकुलाच्या तोंडाशी वॉल्टर घडीच्या खुर्चीत बसला होता. पुढे जमिनीवर खडूची रेघ, हातात बटणाचे मोजणीयंत्र, मांडीवर उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांची ओली पिशवी. त्या शेंगा पाहून मला भरून आले. पाच-सात हजार कोस ओलांडून यावे आणि मिठाच्या पाण्यात उकडलेली शेंग भेटावी. त्याने मूठभर माझ्या ओंजळीत घातल्या. पण मान वर केली नाही, कारण त्याचा एक नियम होता: मोजणाऱ्याने चेहरे पाहू नयेत. चेहरा दिसला की बोलावेसे वाटते आणि आकडा चुकतो. तो फक्त रेघेवरची पावले पाहत असे.

आम्ही निघालो, अर्थात देव उजव्या हाताला ठेवून. तिसऱ्या फेरीला मी दमले.

"काऊन थांबता बाई? देवळात काय तीन फेऱ्यांवर थांबते का कोणी?"

"मग किती?"

"अकरा. सुरू केलं का अकरा."

आणि आम्ही अकरा केल्या. वॉल्टरची मान खाली, अंगठा सुरू. आता त्याच्या नजरेतून पाहा. आमच्या सर्वांच्या मुलांनी आम्हाला एकाच दुकानातून, एकाच सवलतीच्या दिवसांत, एकसारखे पांढरे बूट घेऊन दिले होते. त्याच्या रेघेवरून पांढऱ्या बुटांची न संपणारी मिरवणूक चालली होती. कुठल्याशा शाळेचा संघ सरावाला आला आहे, असे त्याला वाटले, असे तो पुढे म्हणाला. त्या दुपारीच त्याने तो आकडा अहवालात घालून समितीकडे पाठवला. तीस वर्षांत इतका सुंदर आकडा त्याला लाभला नव्हता.

शनिवारी न्याहारीला मक्याच्या कण्या होत्या. त्यांना तिथे ग्रिट्स म्हणतात. लोणी घालतात, मी फोडणी घातली. ऋता खुशीत होती.

"मावशी, काउंट किती आला माहितेय? वन फिफ्टी सेव्हन. कुठून आले असतील इतके लोक?"

"लोक चौदाच," मी कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले. "फेऱ्या अकरा. आणि तीन जण दुकानात आले असतील."

तिचा चमचा कण्यांत उभा राहिला.

मी तिला कधी रडताना पाहिलेले नाही, तेव्हाही पाहिले नाही. तिने फक्त वाटी नकाशावरून उचलली आणि धुऊन ठेवली. मग म्हणाली, "माझ्या धंद्यात ड्रॉइंग चुकलं तर चालतं, मावशी. पुन्हा काढता येतं. आकडा खोटा निघाला की परत कोणी विश्वास ठेवत नाही."

"कुणाला कळणार आहे?"

"सुमनकाकू होत्या ना त्यात?"

होत्या. म्हणजे डॉक्टरांना कळले होते. मी दोन दिवस घरात पाहुण्यासारखी वागले, म्हणजे काही सुचवले नाही.

तीन मिनिटे

सुनावणी मंगळवारी संध्याकाळी होती. समितीचे पाच सभासद, अध्यक्षस्थानी रुपेरी केसांच्या, कानांत मोती घातलेल्या एक बाई. बोलणाऱ्याला तीन मिनिटे. पुढे एक दिवा, हिरवा, मग पिवळा, मग लाल. आपल्या कविसंमेलनांतून असा दिवा असता तर मराठी कवितेचे काय झाले असते, असा विचार माझ्या मनात त्याही स्थितीत येऊन गेला.

डॉक्टरकाका पहिल्या रांगेत, हातात घडी केलेला कागद घेऊन बसले होते. त्यांचे नाव बोलणाऱ्यांच्या यादीत पहिले होते. पण आराखडा मांडणारी ऋता त्यांच्याही आधी उठली, आणि आराखड्याचे नावही न काढता म्हणाली, "अहवालातला पादचाऱ्यांचा आकडा चुकीचा आहे. तो मागे घ्यावा. चौदा माणसे अकरा वेळा मोजली गेली आहेत. त्यांतल्या एक माझ्या मावशी."

वॉल्टरने डोळे मिटले. डॉक्टरांनी कागदाकडे पाहिले, त्याची आणखी एक घडी केली आणि तो खिशात ठेवला.

अध्यक्षबाईंनी विचारले, मावशी इथे आहेत का. होत्या. ध्वनिक्षेपकाशी गेले. दिवा हिरवा झाला. माझे इंग्रजी पुस्तकी आहे आणि पुस्तकेही जुनी. मी सांगितले की चूक माझी. भाचीने माणसे मागितली नव्हती, मी जमवली. गर्दी जमवणे हे आमच्याकडे उपकार समजले जाते.

"ते समजले," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही गोल गोल का फिरलात?"

"आमच्याकडे देवाभोवती फिरतात. इथे मध्ये देव नव्हता. पण सरळ गेले की चाळीस पावलांवर पायवाट संपते आणि पोलीस येतो."

सभागृहाच्या दाराशी बंदोबस्ताला उभा असलेला पोलीस तोच होता. सगळ्यांनी वळून पाहिल्यावर त्याने प्रामाणिकपणे मान हलवली. "यस मॅम. खांबापाशी."

"म्हणजे तुम्ही सर्व त्या वाहनतळापर्यंत कसे गेलात?"

"गाडीने."

"चौदाही जण?"

"चौदाही. गाडीने गेलो, चाललो, गाडीने परत आलो."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि काहीतरी लिहून घेतले. दिवा अजून पिवळाच होता; मी उरलेला वेळ परत केला, जे मी आयुष्यात प्रथमच केले.

मग डॉक्टरकाका उठले. आकड्याविषयी एक शब्दही बोलले नाहीत. भज्यांविषयी बोलले. तेल, गिरगाव, अ‍ॅनाटॉमी, सगळे. एका सभासदाने उत्सुकतेने विचारले, "भजी म्हणजे काय? चवीला वाईट असते का?"

"चव उत्तम होती," डॉक्टर तुटकपणे म्हणाले. "प्रश्न तो नाही."

हशा पिकला आणि दिवा लाल झाला.

निर्णय असा झाला: आकडा रद्द. इमारतींचा आराखडा सहा महिने पुढे. तोवर गावाने खांबापासून बसथांब्याच्या जागेपर्यंत पायवाट आणि रस्ता ओलांडायची जागा करावी, नव्याने मोजणी व्हावी, आणि तेव्हा माणसे खरोखर चालताना दिसली तरच पुढचे पाहावे.

"गेलं का गं?" मी विचारले.

"गेलं नाही. लांबलं."

"मी तोवर निवृत्त होत नाही," वॉल्टर म्हणाला. "आणि पुढच्या वेळी चेहरे बघेन."

बाहेर वाहनतळावर (तिथे सगळे प्रसंग वाहनतळावरच घडतात) डॉक्टर गाडीला टेकून उभे होते. सुमनताईंनी किल्ल्यांसाठी हात पुढे केला होता, तो तसाच होता.

"ऋता, ती पायवाट. माझ्या दारापासून थांब्यापर्यंत किती?"

"आठ-नऊ मिनिटं, काका. तुमचं घर वाटीच्या बाहेर येतं."

"कसल्या वाटीच्या?"

"सांगते कधीतरी."

"हं." त्यांनी चष्मा वर सरकवला. "पुढच्या महिन्यात लायसन्सचं रिन्यूअल आहे. डोळ्यांची टेस्ट घेतात." मग किल्ल्या मुठीत फिरवत, "फ्लॅट्सना माझा विरोध आहे. तो राहील."

"राहू दे, काका."

"मध्ये कुठेतरी एक बाक ठेव."

सुमनताईंच्या हातात किल्ल्या पडल्या. त्यांनी शांतपणे गाडी बाहेर काढली, आणि वळणावरच्या पाटीशी ती अगदी पाटीला खेटून थांबली.

सातारा

मी ऑक्टोबरात परतले. निघायच्या दिवशीही कोथिंबीर गाडीनेच आणली. साताऱ्यात माझ्या दारापासून भाजीवालीपर्यंत किती पावले, हे मी आयुष्यात कधी मोजले नव्हते. परतल्यावर पहिल्याच सकाळी मोजली. एकशे दहा. येताना दोन ओळखीचे भेटले, त्यांनी धबधब्याविषयी विचारले.

मार्चअखेर ऋताचा फोन आला. फोनकार्डावर बोलणारी माणसे आधी महत्त्वाचे बोलतात. "मावशी, पहिला टप्पा मंजूर. तीन विरुद्ध दोन." मला तिकडे वाटी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"आणि मोजणी?"

"एकोणतीस. खरे एकोणतीस. वॉल्टर चेहरे बघत बसला होता, म्हणून चार तास लागले. सगळ्यांशी गप्पा मारल्या त्याने."

"डॉक्टर आले होते?"

"सुनावणीला आले, विरोधात बोलले. मोजणीच्या दिवशी पण आले, घरापासून चालत. बाकावर बसले, उठले, रेघ ओलांडून कोथिंबीर घेतली." तिला हसू आवरत नव्हते. "परत जाताना पुन्हा रेघेपाशी आले, तर पाय उचलून धरला आणि वॉल्टरला म्हणाले, मला येताना मोजलंय. आता मोजू नका."